मोहीम, मुक्काम आणि मोटरसायकल

आमच्या टोळक्याच्या व्हॉट्सॅप ग्रुपचं नाव 'मोहीम' आहे. नाव ठेवलं तेव्हा कुणी फार विचार केला नव्हता. दसरा-दिवाळी आटोपली की एखादा वीकेंड आणि वर दोन सुट्ट्या टाकायच्या, गाड्या काढायच्या आणि बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरांत मातीच्या रस्त्यांवर धुरळा उडवत फिरायचं. रात्री तंबू ठोकायचे, चुलीवर काहीतरी रांधायचं, आणि सोमवारी ऑफिसात कंबर धरून बसायचं. 2018 पासून हे चालू आहे. 2020 चं वर्ष तेवढं चुकलं, ते सगळ्यांचंच चुकलं.

बीडच का, असं नेहमी विचारतात. हिमालय नाही, कोकण नाही, गोवा तर नाहीच. दुष्काळी जिल्ह्यात काय बघायचं? एक तर आमच्यातले दोघं तिकडचेच. दुसरं, डांबरी रस्ता सोडल्यावर गाडी खऱ्या अर्थाने चालवावी लागते असे पांदीचे, मुरमाचे, नदीपात्रातले रस्ते तिथे हवे तेवढे आहेत. जामखेडहून पाटोद्याकडे जाताना सौताडा लागतं. तिथे विंचरणा नदी सरळ दरीत उडी घेते आणि खाली रामेश्वराचं देऊळ आहे. पाऊस चांगला झाला असेल तर दिवाळीनंतरही धबधब्याला पाणी असतं. तिथून पुढे सगळं पठार: तुरीची शेतं, कापूस, मध्येच उघडी माळरानं आणि सगळीकडे येडी बाभूळ. टायरचा खरा शत्रू तीच!

तर मंडळी, आज लिहायचंय ते आमच्या पंक्चरींबद्दल नाही. 'मोहीम' हा शब्द आम्ही गमतीत उचलला, पण दोन-तीन वर्षांनी लक्षात आलं की ज्या दिवसांत आणि ज्या रस्त्यांवर आम्ही फिरतो, तिथे या शब्दाला खराखुरा इतिहास आहे. मग मी वाचत गेलो. कामाच्या डेडलाईनी चुकवून वाचलं असं म्हणणार नाही, मॅनेजर हे वाचतो :)

मोहिमेचं कॅलेंडर

मराठ्यांच्या लष्कराचं वर्ष जानेवारीत सुरू होत नसे, दसऱ्याला सुरू होई. पावसाळ्यात नद्या फुगलेल्या, वाटा चिखलाच्या, आणि शिपायांतले बरेचसे शेतकरीच, म्हणजे घरी पेरणी. म्हणून चार महिने छावणी. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, सोनं लुटायचं आणि निघायचं. तोवर पाणी ओसरलेलं असतं, खरिपाचं पीक हाताशी येत असतं, म्हणजे माणसाला धान्य आणि घोड्याला वैरण मिळायची सोय. साधा हिशेब आहे. आपण पेट्रोलपंप कुठे कुठे आहेत ते बघून रूट ठरवतो ना, तसंच. घोड्याचं पेट्रोल शेतात उगवतं, एवढाच फरक.

सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या काळातली ही व्यवस्था फार नीट दिलीय. बखर 17 व्या शतकाच्या अखेरीची. दसऱ्याला लष्कर छावणीतून निघताना लहानमोठ्या प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी व्हायची. आठ महिने बाहेर काढून परत आलं की पुन्हा झडती, आणि जाताना नव्हतं ते येताना निघालं तर त्याचा हिशेब. आमच्या ग्रुपवरची एक्सेल शीट (तंबू 3, पंक्चर किट 2, क्लच केबल 1, मॅगी अगणित) बघून मला दर वर्षी हे आठवतं.

त्याच बखरीतला दुसरा तपशील मला अजून आवडतो. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे एक पाणी वाहणारा आणि एक नाल ठोकणारा. तलवारबाजांची गोष्ट सगळे सांगतात, पण ज्याने ही व्यवस्था लावली त्याला पक्कं ठाऊक होतं की घोडदळ दोन गोष्टींवर अडतं: पाणी आणि खूर. आमच्यात जो पंक्चर काढतो त्याला तेव्हापासून 'नालबंद' म्हणतात आणि त्याच्याशी कुणी भांडत नाही.

बारगीर आणि शिलेदार हा फरकही बघा. बारगीराला घोडा सरकारचा मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा. घोडा मेला तर शिलेदाराची मिळकतच गेली. आता ज्याची गाडी हप्त्यावर आहे तो दगडधोंड्यातून किती जपून चालवतो आणि मित्राची गाडी मागून आणलेला कसा उडवतो, ते ज्याने पाहिलंय त्याला हा फरक वेगळा समजवायला नको. आमच्या पहिल्या ट्रिपला सगळ्या साध्या शंभर-दीडशे सीसीच्या गाड्या होत्या. 2016 ला हिमालयन आली आणि 2019 ला एक्सपल्स, तेव्हापासून मातीसाठी बनवलेल्या गाड्या आपल्या बजेटच्या जवळपास आल्या आणि आमच्यातही दोन शिलेदार तयार झाले. पण गावाकडच्या माणसांना त्याचं काडीचं कौतुक नाही. त्यांनी याच रस्त्यांवर पोलिश डिझाईनची राजदूत दुधाचे कॅन लावून वर्षानुवर्षं चालवलेली आहे.

तीन लढाया, एक पट्टा

आम्ही फिरतो त्या पट्ट्याची गंमत अशी की निजाम आणि मराठे यांच्यातल्या तीन मोठ्या लढाया इथेच, दोन दिवसांच्या राईडमध्ये बसतील एवढ्या अंतरात झाल्यात. आणि तिन्ही लढायांचा निकाल शौर्याइतकाच सामान, पाणी आणि चिखल यांनी लावला.

पहिली 1728 ची पालखेडची. ती वैजापूरजवळ, जरा उत्तरेला. थोरल्या बाजीरावाचं सैन्य हलकं होतं. अवजड तोफा नाहीत, मोठे तंबू नाहीत, बाजारबुणगे नाहीत. त्याने निजामाला इकडून तिकडे असं पळवलं की पाठलाग करता करता निजामाचा जड तोफखाना मागे राहिला आणि पालखेडला तो पाण्यापासून तुटला. लढाई अशी फारशी झालीच नाही. शेवगावजवळच्या मुंगी इथे तह झाला. ज्याचं सामान कमी तो जिंकला. मी हे दर वर्षी कूलर बॉक्स आणणाऱ्या आमच्या एका मित्राला ऐकवतो. तो तरीही आणतो, आणि तरीही सगळे त्याच्याकडेच थंड पाणी मागतात. असो.

दुसरी राक्षसभुवनची, 10 ऑगस्ट 1763. हे मात्र थेट बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठावर. शनीच्या देवळासाठी लोक जातात. पानिपताला अडीच वर्षं झाली होती. पेशवा माधवराव अठरा वर्षांचा. वर्षभरापूर्वीच काका राघोबादादाशी लढून, त्याच्यापुढे नमतं घेऊन तो बसलेला. निजाम अलीने नागपूरकर जानोजी भोसल्यांना आपल्याकडे ओढून पुणं लुटलं, जाळलं. पेशव्यांचं सैन्य समोरासमोर न लढता निजामाच्या मुलखात फिरत राहिलं आणि तिथून खंडणी वसूल करत राहिलं. मग जानोजी फुटून परत आले.

ऑगस्ट म्हणजे मोहिमेचे दिवस नव्हेत. निजाम औरंगाबादकडे निघाला होता. राक्षसभुवनला गोदावरी फुगलेली. तो अर्ध्या फौजेसह पलीकडे गेला, आणि दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेबरोबर अलीकडे, दक्षिण काठावर अडकला. माधवराव आणि राघोबा त्याच वेळी येऊन धडकले. विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि पलीकडून निजामाला बघण्याशिवाय काही करता आलं नाही.

आम्ही तिथे गेलो ते नोव्हेंबरात. नदी शांत, वाळू उपसून खड्डे पडलेले. काठावर उभं राहिल्यावर पुस्तकातला नकाशा एकदम कळतो. नदीचं पात्र एवढं रुंद आहे की पलीकडचा माणूस ठिपक्याएवढा दिसतो. आपली अर्धी माणसं पलीकडे कापली जात असताना अलीकडून दिसत राहणं म्हणजे काय, ते तिथे समजतं. जिंकणारे आपले होते म्हणून आपण ती बाजू सहसा बघत नाही.

तिसरी खर्ड्याची, 11 मार्च 1795. खर्डा जामखेड तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात, पण बीडच्या हद्दीला लागून. निजाम बिदरहून निघाला आणि बालाघाट उतरून मोहरीच्या घाटाने खर्ड्याकडे आला. इकडे नाना फडणवीसांनी सगळ्यांना एकत्र आणलं होतं: शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, आणि सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन. सवाई माधवराव स्वतः छावणीत होते. दोन्ही बाजूंचे आकडे लाखाच्या वर सांगितले जातात. निजामाकडे रेमंडची फ्रेंच कवायती पलटणं, शिंद्यांकडे पेराँची. प्रत्यक्ष लढाईत तुलनेने माणसं कमी पडली. पण रात्री निजामाच्या गोटात गोंधळ उडाला आणि निजाम खर्ड्याच्या छोट्याशा किल्ल्यात जाऊन बसला. बाहेरून वेढा. अन्नपाण्याचे हाल झाले आणि दोन दिवसांत तहाची बोलणी सुरू झाली.

खर्ड्याचा किल्ला आजही उभा आहे. आकार बघितला तर हसू येतं, हैदराबादचा निजाम आणि एवढासा किल्ला! पण या लढाईला एक दुखरी किनार आहे. पेशव्याच्या झेंड्याखाली सगळे मराठे सरदार एकत्र आल्याची ती शेवटची वेळ. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले आणि पुढच्या तेवीस वर्षांत सगळं संपलं. ते एका मोठ्या कुटुंबाचं शेवटचं गेट-टुगेदर होतं, फक्त जमलेल्या कुणालाच ते माहीत नव्हतं.

छावणी नावाचं गाव

लढाया दोन-चार दिवसांच्या. बाकी आठ महिने काय? मुक्काम. म्हणजे खरा इतिहास तंबूंचा. 1809 साली ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर फिरत होता. त्याने भावाला लिहिलेली पत्रं नंतर पुस्तकरूपात आली. त्यात मुक्काम कसा पडायचा ते वाचण्यासारखं आहे. बिनीवाला पुढे जाऊन जागा हेरणार, निशाणं रोवणार, आणि त्या निशाणांवरून बाजाराच्या रांगा ठरणार. गाव रोज हलायचं, पण गावातला पत्ता तोच राहायचा. नव्या मुक्कामी पोचलेल्या माणसाला आपलं दुकान, आपला सरदार कुठे सापडेल ते न विचारता कळायचं. आयपी बदलला तरी डोमेन नेम तेच, असं म्हणा हवं तर.

आणि या गावाला खायला कोण घालायचं? लमाण आणि वंजारी यांचे बैलांचे तांडे. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून ते लष्करांमागे चालत. बायका-मुलं तांड्याबरोबरच. मोगल असोत, निजाम असो की मराठे, दख्खनमध्ये कुणाचंच लष्कर यांच्याशिवाय दोन आठवडे तग धरू शकलं नसतं. लढायांच्या वर्णनात त्यांचं नाव अर्ध्या ओळीत येतं, आलं तर.

मुक्कामाचा दुसरा पक्ष म्हणजे ज्याच्या शेताशेजारी तो पडतो तो शेतकरी. त्याच्याबद्दल बोलणारं एक पत्र आहे, 1673-74 च्या सुमाराचं, चिपळूणकडे छावणीला असलेल्या लष्करातल्या जुमलेदार-हवालदारांना शिवाजी महाराजांनी धाडलेलं. बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आत्ताच उधळलीत तर पुढे घोडी मरतील, मग तुम्ही रयतेकडे जाल, कुणी दाणे आणील, कुणी गवत, कुणी भाजी. मग रयत म्हणेल यांच्यापेक्षा मोगल बरे. काय लागेल ते बाजारातून विकत घ्या. आणि पुढे अगदी घरच्या वडीलधाऱ्यासारखं: गवताजवळ चुली पेटवू नका, चिलमी ओढू नका, रात्री दिवा तसाच ठेवू नका, एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंज्या पेटतील.

राज्य करणारा माणूस उंदराचा आणि वातीचा विचार करतो! मला या पत्राचं कौतुक कुठल्याही किल्ल्यापेक्षा जास्त आहे. आमच्या मोहिमेचे जे चार नियम आहेत ते सगळे यातूनच आलेत. शेतमालकाला विचारल्याशिवाय तंबू नाही. कडब्याच्या गंजीपासून लांब चूल. भाजी-दूध गावातून विकत, फुकट दिलं तरी पैसे ठेवायचे. आणि निघताना राखेवर पाणी. नोव्हेंबरात तिकडे वाळलेली वैरण म्हणजे जनावरांचं उन्हाळ्याचं जेवण असतं. आपल्या एका ठिणगीने कुणाची तरी जनावरं बाजारात विकायला निघू शकतात.

आजचं सीमोल्लंघन

आता मुख्य गोष्ट. दसरा-दिवाळीनंतर बीडच्या दिशेने जाताना आम्हाला दर वर्षी समोरून एक लष्कर भेटतं. ट्रॅक्टर, त्याला जोडलेल्या दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत संसार: पत्र्याच्या पेट्या, हंडे, सरपण, बांबू, चटया, एखादी शेळी, कोंबड्यांची खुराडी आणि सगळ्यात वर बसलेली माणसं, मांडीवर लेकरं. हे ऊसतोड कामगार. बीड जिल्ह्यातून लाखोंच्या संख्येने माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर जातात ती पार मार्च-एप्रिलपर्यंत. म्हणजे तेच कॅलेंडर! दसऱ्यानंतर कूच, पाच-सहा महिने बाहेर पोट भरायचं, पावसाआधी घरी.

त्यांचाही एक शब्दकोश आहे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे माणसं मोजायचं एकक अवजार. मुकादम आधी 'उचल' देतो, ती अंगमेहनतीने फेडायची. एक दिवस काम बुडलं तर 'खाडा', त्याचा दंड. राहायची जागा म्हणजे 'कोपी', बांबू-पाचटाची, आत माणूस धड उभा राहू शकत नाही अशी. खाड्याचा दंड आणि पाळीच्या दिवसांचं दुखणं यातून बायकांनी काय मार्ग काढला, ते 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीतून पुढे आलं. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा वाचला. साधारण सहातली एक.

एका वर्षी मांजरसुंब्याच्या अलीकडे चहाला थांबलो होतो, तेव्हा असाच एक ट्रॅक्टर तिथे थांबला. एक मावशी आमच्या गाड्यांवर बांधलेल्या गुंडाळ्या बघत होत्या.

"ते काय बांधलंय रं बाबा?"

"तंबू आहेत मावशी. रात्री डोंगरात राहणार."

"घर नाही व्हय तिकडं?"

"आहे की. हौस म्हणून."

त्या खूप हसल्या. टोमणा वगैरे काही नव्हता, खरंच मजा वाटली त्यांना. बाजूच्या बाईला म्हणाल्या, "आगं, ही पोरं हौसेनं पालात राहत्यात!" मग आम्हाला बजावलं, बांधावर नका झोपू, विंचू-काट्याचं बघा, जागा झाडून घ्या. आम्ही विचारलं कुठल्या कारखान्याला, त्यांनी सांगितलं. परत कधी, तर म्हणाल्या, "पट्टा पडल्यावर." म्हणजे गाळप संपल्यावर. चहा त्यांच्या लोकांनी आम्हाला पाजला, पैसे देऊ दिले नाहीत. नियम क्रमांक तीन तिथे मोडला.

ज्या समाजांचे तांडे लष्करांना धान्य पुरवत होते, त्यांतली कितीतरी माणसं आज या ट्रॉल्यांत असतात. रस्ते आणि रेल्वे आली, 19 व्या शतकात बैलांच्या पाठीवरचा व्यापार संपला. हे तांडे जिथे थांबले ती जमीन बालाघाटची, पर्जन्यछायेतली, पातळ मातीची. बीड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलं. ऊस, कारखाने, कालवे यांची भरभराट दुसरीकडे झाली. 1972 च्या दुष्काळासारख्या वर्षांनी उरलंसुरलं शेतही माणसांना धरून ठेवेनासं झालं. म्हणजे आधी लष्कराच्या मागे चालले, मग साखरेच्या मागे. घर मात्र बांबूचंच राहिलं.

असं सगळं लिहिल्यावर कुणी म्हणेल, मग तुमची ती मोहीम बंद करा की! नाही, बंद करायची नाही. मला ते चार दिवस मनापासून आवडतात. सौताड्याच्या वरच्या माळावर पहाटे तंबूची चेन उघडली की जो गार वारा आत येतो, त्यासाठी मी वर्षभर ऑफिसातला एसी सहन करतो. चुलीभोवती बसून राक्षसभुवनवरून घातलेले वाद, भर नदीपात्रात रुतलेली गाडी सहा जणांनी ओढून काढतानाचा आरडाओरडा, गावातल्या पोरांना टाकीवर बसवून मारलेल्या चकरा, हे सगळं माझं आहे आणि ते मी सोडणार नाही.

फक्त आता शब्द जपून वापरतो. शाळेत असताना मला मोहीम म्हणजे घोड्यावर बसलेला माणूस दिसायचा. आता त्याच्या मागचा पखालजी दिसतो, नालबंद दिसतो, बैल हाकणारा तांडा आणि त्यातलं पाळणं सांभाळणारी बाई दिसते. त्यांच्या नावाने चौथरे नाहीत, तिथ्या नाहीत. पण दर वर्षी दसऱ्यानंतर त्यांचं कूच होतं, आणि ते बघायला कुठलीही बखर उघडावी लागत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कधी रात्री त्या रस्त्याने गेलात तर ट्रॅक्टर दिसल्यावर अप्पर मारू नका, डिपर द्या. वर लेकरं झोपलेली असतात.